दुखण्याचा भरवसा

सकाळी सव्वानऊला शिवणाच्या कारखान्यात त्याच्या हातातून कात्री पडली. कापडाचे थर एका दमात कापणारी, दोन्ही कड्यांना चामडं गुंडाळलेली जड कात्री. ती टोकावर पडली, जमिनीच्या फळीत रुतली आणि थरथरत उभी राहिली. टेबलावर हॉटेलच्या नोकरांच्या कोटांचं निळं कापड अर्धं कापलेलं होतं आणि कापाच्या तोंडाशी त्याचा उजवा हात, कात्री अजून त्यातच असावी तसा, बोटं वाकवून थांबला होता. समोरच्या मशीनवरून काजं करणारी बाई म्हणाली, "मास्तर, कात्रीला पाय फुटले वाटतं." इस्त्रीवाला म्हणाला, "कंटाळली असेल. वीस वर्षं एकाच माणसाच्या हातात राहायचं म्हणजे काय खायचं काम आहे?" "तुझी बायको राहतेच आहे की," बाई म्हणाली. दोघंही हसली. तोही हसला, आणि हसता हसता त्याला आपलं हसू ऐकू आलं. ते घशातून न येता नाकातून येत होतं, आणि संपायच्या आधीच थांबत होतं. ते त्याचं नव्हतं. दादाचं होतं.

दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ. औषधांच्या दुकानात कामाला होता. एका दुपारी त्याला बाटलीचं झाकण उघडेना, तेव्हा काउंटरच्या पलीकडून गिऱ्हाइकाने हात पुढे करून ते उघडून दिलं, आणि दादा असा हसला. हल्ली झाकणं फार आवळून बसवतात, असं घरी सांगतानाही असाच हसला. मग कुलपात किल्ली फिरेना, मग शर्टाचं वरचं बटण लागेना. कोणी घाबरलं नाही, कारण दुखत नव्हतं. दुखत नाही ना, मग काही नाही, असं सगळे म्हणत. वहिनी म्हणायची, दुकानाचा मालक म्हणायचा, तो स्वतःही म्हणायचा. ज्या डॉक्टरने अखेर रोगाचं नाव सांगितलं त्याने शांतपणे समजावलं होतं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच यात मरत जातात. जोर जातो पण दुखत नाही, म्हणून माणसं उशिरा येतात. घरात आणखी कुणाला होऊ शकतो का, असं वहिनीने विचारलं. "बहुतेक वेळा नाही," डॉक्टर म्हणाला, आणि पुढे, फाइल मिटता मिटता, "क्वचित होतो." वहिनीने त्यातलं पहिलं वाक्य घरी नेलं. त्याने, सोबत गेलेल्या धाकट्या भावाने, दुसरं नेलं. दादा तीन वर्षंही पुरला नाही. शेवटी शेवटी फक्त डोळे हलत. खोलीत येणाऱ्याकडे ते वळत आणि तिथेच राहत, आणि येणारा माणूस काहीतरी बोलायचं म्हणून हवेबद्दल बोलत असे. त्याला स्वतःला ते जमायचं नाही. तो दादाच्या शर्टाची कॉलर नीट करत बसायचा. कॉलर नीटच असायची.

कात्री उचलायला तो वाकला. पंजा पालथा ठेवून त्याने ती धरली आणि ओढली, आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाडाची गाठ हाताला लागते तिथे, तापलेली सुई घुसावी तशी कळ आली आणि मनगटापर्यंत उतरली. डोळ्यांत पाणी आलं. त्याने कात्री सोडली, पुन्हा तशीच धरली आणि पुन्हा ओढली. पुन्हा कळ आली. त्याला इतकं बरं वाटलं की टेबलाला धरून उभं राहावं लागलं.

हाडांच्या डॉक्टरने फार वेळ घेतला नाही. कोपर सरळ ठेवायला लावून, मूठ वळवून, मनगट वर उचलायला सांगितलं आणि वरून आपल्या हाताने दाबलं. तो कण्हला. "टेनिस एल्बो," डॉक्टर म्हणाला. "मी टेनिस कधी खेळलो नाही." "खेळणारे माझ्याकडे येतच नाहीत हो. सुतार येतात, प्लंबर येतात, आचारी येतात. परवा एक बाई आल्या, त्या दिवसभर कुत्र्यांचे केस कापतात." मग त्याने स्वतःच्या हातावर बोट फिरवून दाखवलं. मनगट वर उचलणारे स्नायू हातभर पसरलेले असतात, पण वर येऊन सगळे या एवढ्याशा हाडाला धरतात. त्या धरण्याच्या जागी जी कंडरा, म्हणजे स्नायूचा दोरीसारखा शेवट, असते तिचे धागे रोजच्या ओढीने विसविशीत होतात. ही सूज नव्हे, झीज आहे. जाईल, पण सावकाश, महिने लागतील. इंजेक्शन देता येतं, लगेच बरंही वाटतं, पण पुढे दुखणं उलटतं, म्हणून मी देत नाही. पट्टा लावा, जड काही उचलायचं असेल तर तळवा वर ठेवून उचला, आणि व्यायाम शिकून घ्या. हे सगळं त्याला ऐकताक्षणीच पटलं, कारण बाही नेहमी तिथेच उसवते जिथे सगळा ताण एका शिवणीवर येतो. पण त्याला हे विचारायचंच नव्हतं. "दुखतंय म्हणजे चांगलंच ना?" त्याने विचारलं. डॉक्टरने चष्म्यावरून पाहिलं. "दुखणं चांगलं असं कसं म्हणू? घरात कुणाला काही आजार?" त्याच्या जिभेवर दादा आला. समोरचा चेहरा आता मोकळा, थोडा कंटाळलेला होता. दादाचं नाव घेतलं की त्या चेहऱ्यावर काहीतरी सावध होईल, आवाज हळू होईल, दार लोटून घेतलं जाईल. "आईला साखर होती," तो म्हणाला.

त्या दिवसापासून दुखणं हा त्याचा भरवसा झाला. सकाळी डोळे उघडायच्या आधी डाव्या हाताचा अंगठा उजव्या कोपराकडे जायचा, गाठ शोधायचा आणि दाबायचा. कळ आली की तो डोळे उघडायचा. दात घासताना ब्रश पालथ्या मुठीत धरून बघायचा. खुर्ची पाठीला धरून, हात सरळ ठेवून, एका हाताने उचलायचा. असं करू नका म्हणून डॉक्टरने सांगितलेली प्रत्येक गोष्ट आता तपासायचं साधन झाली होती. कामावर फर्मे, म्हणजे मापाचे पुठ्ठे, हलू नयेत म्हणून कापडावर ठेवायची लोखंडी वजनं होती. कुणी बघत नसलं की तो त्यातलं एक वरून चिमटीत धरून उचलायचा, आणि कळेची ठिणगी उडाली की परत ठेवायचा. ठिणगी कधी मोठी असायची, कधी लहान. लहान असली की तो पुन्हा उचलायचा, जोराने. कोपरावर जांभळा डाग पडला. बायकोने तो आंघोळीनंतर पाहिला. "हे काय? आपटलात कुठे?" "नाही." "मग? चावलं कुणी?" "व्यायामाने होतं." "माणसं दुखणं जावं म्हणून व्यायाम करतात, तुम्ही ते जपून ठेवलंय. खत घालताय का त्याला?" ती सहज बोलली आणि टॉवेल वाळत घालायला गेली. तो आरशात डागाकडे बघत राहिला. डाग त्याला आवडत होता. दादाच्या हातावर कधीच कसला डाग पडला नाही. त्याचा हात शेवटपर्यंत गोरा, गुळगुळीत होता, कपड्यांच्या दुकानातल्या काचेमागच्या पुतळ्याच्या हातासारखा.

डॉक्टरच्याच दवाखान्यात व्यायाम शिकवणारी थेरपिस्ट त्याच्या मुलीहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती त्याला काका म्हणायची. टेबलाच्या कडेवर हात ठेवून, पंजा खाली लोंबता सोडून, त्यात छोटं वजन द्यायची. "वर नेताना दुसऱ्या हाताची मदत घ्या. खाली सोडताना मात्र एकट्याने, अगदी सावकाश. दुधाची साय उतरवतोय असं समजा. धाग्यांना पुन्हा शिकवायचंय ना आपल्याला. थोडं दुखलं तर चालेल, कळ मारली तर थांबायचं." तो कळ मारेपर्यंत जायचा आणि थांबायचा नाही. दीड महिन्यानंतर तिने कपाळाला आठ्या घातल्या. "काका, एव्हाना निम्मं तरी कमी व्हायला हवं होतं. घरी काय करता खरं सांगा. पाणी भरता? भिंती रंगवता?" "काही नाही." "मग माझंच काहीतरी चुकतंय," असं म्हणून ती खरंच काळजीत पडली आणि त्याचा हात उलटसुलट करून बघू लागली. त्याला तिची दया आली. तिला सांगावं असं वाटलं, तोंड उघडलंही. पण तिचा चेहराही मोकळा होता, आणि दर मंगळवारी तासभर त्या मोकळ्या चेहऱ्यासमोर बसून तो एका अशा माणसासारखा वागू शकत होता ज्याचं फक्त कोपर दुखतं. ती जागा घालवायची त्याची हिंमत झाली नाही.

पुढच्या आठवड्यात बाह्यांची चूक झाली. बाही कापताना कापड सुलट्यावर सुलटं असं समोरासमोर घालायचं असतं, म्हणजे एका फर्म्यावर कापलं तरी जोडीने डावी आणि उजवी निघते. कापायला शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हे सांगतात आणि मग कोणी पुन्हा सांगत नाही. त्या दिवशी कापड घालताना प्रत्येक थरानंतर तो कोपर दाबून बघत होता. दाबायचं, कळ मोजायची, पुढचा थर ओढायचा. कापड उलटवायचं राहून गेलं. सगळे थर वर तोंड करून पडले. त्याने फर्मा ठेवला, खडू मारला, डाव्या हाताने विजेचं कापायचं मशीन धरून कापलं. दुपारी बाह्या जोडणाऱ्या बाईने दोन बाह्या हातात घेतल्या, फिरवल्या, तिसरी घेतली, चौथी घेतली, आणि मग गठ्ठाच उचलून मालकीणबाईंकडे नेला. "सगळ्या उजव्याच आहेत," ती म्हणाली. इस्त्रीवाल्याच्या ओठांवर काहीतरी विनोद आला असावा, पण मास्तरांचा चेहरा बघून त्याने तो गिळला. मालकीणबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढून त्याला बसवलं. "मास्तर, तुमच्या हातून असं कधी झालं नाही. तो हात बरा करा आधी. या महिन्यात मला तुम्ही इथे दिसायला नको." "बाई, कापडाचे पैसे माझ्या पगारातून..." "कापडाचं मी बघते. घरी जा. आणि घरीसुद्धा त्या हाताने काही करू नका." उजव्या बाह्यांचा निळा ढीग टेबलावर पडला होता. एकाच बाजूला हात असलेली माणसं एकापाठोपाठ एक येऊन त्या घालून जातील असं त्याला क्षणभर दिसलं. सगळे उजवे हात, आणि त्यांच्यात त्याचा कुठला ते त्याला ओळखता येईना.

घरी मात्र बायकोचा पहारा होता. मालकीणबाईंनी तिला फोन केला होता. खुर्च्या ती उचलायची, बादली मुलगी उचलायची, आणि पट्टा कोपराखाली नीट बसलाय की नाही हे दोघी आळीपाळीने बघायच्या. मुलगी हसून म्हणायची, "बाबा, तुमचा हात म्हणजे काचेचं सामान झालंय." तिचं हसू तो कान देऊन ऐकायचा. दादाच्या डॉक्टरचा तो 'क्वचित' हा शब्द त्याच्यापाशी थांबणारा नव्हता; त्याच्यातून तो तिच्यापर्यंत जात होता, आणि तिला ते माहीत नव्हतं, ती चहाचा कप दोन बोटांत धरून खिडकीशी फोनवर बोलत उभी असायची. दिवस जात होते आणि दुखणं कमी होत होतं. आधी कळ मनगटापर्यंत उतरायची ती अर्ध्यातच थांबू लागली. मग तिचं टोक बोथट झालं. मग एक दिवस तिच्या जागी फक्त दाबल्याची जाणीव उरली, जशी शरीरावर कुठेही दाबलं तर होते. तो अंथरुणात तसाच पडून राहिला, अंगठा गाठीवर ठेवून, आणि खोलीतला प्रत्येक आवाज त्याला स्वच्छ ऐकू येऊ लागला. पंख्याचा, नळाचा, शेजारच्या घरातल्या घड्याळाचा. आतून कुणीतरी निघून गेलं होतं आणि दार उघडं ठेवून गेलं होतं.

तो उठला आणि टेप काढली. वीस वर्षं त्याने लोकांच्या हातांची मापं घेतली होती. कोपर वाकवा म्हणायचं, खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकावरून मनगटापर्यंत टेप न्यायची, मग दंड, मग कोपराखालचा भाग. रोज कात्री चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्याहून भरलेला असतो. त्याचाही होता, आपल्या शर्टाची उजवी बाही तो नेहमी थोडी सैल ठेवायचा. आता टेप दोन्हीकडे एकाच रेघेवर आली. त्याने पुन्हा घेतली. दादाच्या शेवटच्या कोटाचं माप त्यानेच घेतलं होतं. तेव्हा टेप दादाच्या हातावर अशीच सैल पडली होती, त्याने ती ओढून घट्ट केली होती आणि म्हणाला होता, बारीक झालास. तुझी वहिनी उपाशी ठेवते, असं दादा म्हणाला होता, आणि वहिनीने स्वयंपाकघरातून उत्तर दिलं होतं, आणि सगळे हसले होते. "अहो," बायको दारात उभी होती. तिला काही विचारावं लागलं नाही. तीही दादाच्या आजारपणात त्या घरात रात्री जागलेली होती. ती जवळ आली, त्याच्या हातातून टेप घेतली आणि आपल्या बोटांभोवती गुंडाळू लागली. "केव्हापासून हे डोक्यात आहे?" "कात्री पडली तेव्हापासून." "आणि मी मेली खताच्या गोष्टी करत होते," ती म्हणाली. मग टेपचा पीळ सोडवत, "दुखत होतं ना तुम्हाला? दादांना कुठे दुखत होतं?" "आता नाही दुखत." ती टेप गुंडाळत राहिली.

दुपारी तो वहिनीकडे गेला. दादा गेल्यावर ती दोन खोल्यांच्या घरात राहायला गेली होती आणि खालच्या मजल्यावरच्या मुलांची शिकवणी घ्यायची. "या भाऊजी. हात कसा आहे? तुमची बायको सांगत होती टेनिस खेळायला लागलात म्हणून." तो बसला. पाणी प्यायला. खिडकीच्या काचेवर कुणीतरी खडूने गुणाकार करून ठेवला होता. त्याने ठरवल्याप्रमाणे सहज विचारलं, "वहिनी, दादाला सुरुवातीला काहीच दुखत नव्हतं ना?" त्याला फक्त नाही एवढंच ऐकायचं होतं. ते ऐकून तो घरी जाणार होता, आणि दोन महिने आपलं दुखत होतं, या गोष्टीला उरलेलं आयुष्य धरून राहणार होता. वहिनी काचेवरचा गुणाकार ओल्या फडक्याने पुसत होती. "दुखायचं की," ती म्हणाली. "खांदा दुखायचा. हाताला जोर नाही म्हणून सगळा भार खांद्यावर यायचा असं नंतर डॉक्टर म्हणाले. रात्री मी शेक द्यायचे. तुम्हाला कुणाला सांगायचं नाही अशी तंबी होती. म्हणायचे, धाकटा भित्रा आहे, कळलं तर माझ्याआधी तोच आजारी पडेल." ती हसली, आणि मग वळून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. "भाऊजी, का विचारताय?" तो उठून उभा राहिला होता. जिना त्याने कठडा धरून उतरला, उजव्या हाताने. हात धरत होता. पण धरण्याचा अर्थ काय, आणि दुखण्याचा अर्थ काय, हे आता त्याला कुणी सांगू शकत नव्हतं. दोन महिने ज्या खुंटीला त्याने स्वतःला टांगून ठेवलं होतं ती भिंतीत कधी नव्हतीच.

मंगळवारी थेरपिस्ट नेहमीसारखी समोर बसली, त्याचं कोपर तिने तळहातावर घेतलं. "डोळे मिटा काका. आज किती दुखतंय ते बघू." त्याने डोळे मिटले. "हं," ती म्हणाली. "दुखतंय," तो म्हणाला. "कुठे?" "तिथेच. गाठीवर." "जास्त की कमी?" "पहिल्यासारखंच." मग ती म्हणाली, "काका, मी अजून दाबलेलंच नाही." त्याने डोळे उघडले. तिचं बोट हवेत, कोपरापासून वीतभर दूर होतं, आणि तिचा चेहरा त्याला इतके दिवस हवा होता तसा मोकळा राहिला नव्हता. तेव्हा त्याने सांगितलं. दादाचं झाकण, वजनं, खुर्च्या, टेप, वहिनी, सगळं, एका सुरात, दुसऱ्याच कुणाची हकीगत सांगावी तसं. मग तिने त्याचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून अंगठ्याजवळचे उंचवटे पाहिले, बोटं फाकवायला लावून दाबली, शर्ट काढायला लावून पाठ आणि दंड बराच वेळ नुसते बघितले, लहानशा हातोडीने मनगटावर आणि गुडघ्यावर ठोकून पाहिलं. "मला काही वेगळं दिसत नाही," ती म्हणाली. "विश्रांतीने हात थोडा उतरतोच. आणि दुखणं गेलं, कारण तुम्ही ते छळणं थांबवलंत. पण हे सांगणं माझं काम नाही. मी डॉक्टरांना बोलावते." डॉक्टर आला आणि उभ्या उभ्याच ऐकत राहिला. "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं." "सांगितलं असतं तर तुमचा चेहरा बदलला असता." "आता बदललाय का?" त्याने पाहिलं. "हो," तो म्हणाला. दार लोटून घेऊन डॉक्टरने नसांच्या डॉक्टरकडे फोन लावला, आणि त्याचा आवाज खरंच हळू झाला होता.

नसांच्या डॉक्टरकडची तपासणी सकाळीच झाली. हाताला पायाला विजेचे बारीक झटके दिले, मग स्नायूंत सुया घालून यंत्रावर आवाज ऐकला. यंत्र खरखरत होतं, जसं दोन स्टेशनांच्या मधे रेडिओ खरखरतो, आणि मूठ वळवा म्हटलं की सर आल्यासारखं वाजत होतं. सुया घालणारा माणूस चांगलं-वाईट काहीच बोलला नाही. ते त्याचं काम नव्हतं. पायात घातलेली सुई एका ठिकाणी त्याने जरा जास्त वेळ ठेवली, किंवा तसं वाटलं. आता तो आणि बायको, दोघं निकालाची वाट बघत बाहेर बाकावर बसली होती. मुलीला काय सांगायचं यावर आल्या आल्या त्यांची कुजबुज झाली होती. "आधी आत काय म्हणतात ते कळू दे," बायको म्हणाली होती, "मग मी सांगेन. तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगाल आणि तीही उद्यापासून आपले हात बघत बसेल." समोरच्या बाकावर एक म्हातारा चप्पल काढून पायाची बोटं हलवून बघत होता. दाराच्या वरच्या काचेतून आतला दिवा दिसत होता आणि दोन माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा आतून कुणीतरी हसलं. ते कशाला हसले असतील याचा त्याने विचार केला. मग तो विचार सोडून दिला, आणि बायकोचा हात आपल्या उजव्या हातात आहे हे त्याच्या लक्षात आलं. केव्हा घेतला ते आठवत नव्हतं.

"अहो, हळू," ती म्हणाली. "दुखतंय मला."

"किती?" त्याने विचारलं.

तिने हात काढून घेतला नाही. दार अजून बंद होतं.